‘पेडेस्ट्रियन’

‘पेडेस्ट्रियन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशांत पाहूं गेल्यास ‘पायीं चालणारा’ असा सांपडतो. तेवढ्यावर विसंबून एखादा विद्यार्थी ‘पेडेस्ट्रियन स्टाइल’ याचें भाषांतर ‘पादचारी शैली’ असें करतो आणि वर्गांत हशा पिकतो. तेथें अर्थ आहे रटाळ, कळाहीन. पायीं चालणाऱ्याच्या वांट्याला ही अप्रतिष्ठा कां यावी?

शब्दाचें मूळ लॅटिन. त्या भाषेंत ‘पेस’ म्हणजे पाय; आपल्या ‘पद्’ शब्दाचा तो सख्खा भाऊ. ग्रीक लोक गद्याला ‘पायीं चालणारी वाणी’ म्हणत, आणि रोमन कवि होरेस यानेंही साध्या बोलण्यासारख्या भाषेस हेंच विशेषण लावलें आहे. म्हणजे काव्य घोड्यावर आणि गद्य बिचारें धुळींतून! आपल्याकडे नेमकें उलट आहे. संस्कृतांत पाय आहेत ते पद्याला. चरण त्याचे, पादही त्याचेच. गद्य म्हणजे नुसतें बोललेलें. इंग्रजी छंदःशास्त्रांत सुद्धां ‘फूट’ आहेच. तरीही त्यांना ही विसंगति खटकलेली दिसत नाहीं.

मध्यंतरीं या शब्दाला बरे दिवसही आले होते. १८०९ सालीं न्यूमार्केट येथें कॅप्टन बार्कले यानें १००० तासांत, दर तासास एक याप्रमाणें, १००० मैल चालण्याची पैज जिंकली. अशा पैजेच्या चालणाऱ्यांस त्या काळीं ‘पेडेस्ट्रियन’ म्हणत, आणि त्यांना पाहण्यास मोठी गर्दी लोटे. याच कुळांतला पायदळाचा शिपाई पोर्तुगीजांच्या मार्गानें येऊन कचेरींतला ‘प्यून’ झाला, आणि फारसीच्या मार्गानें बुद्धिबळांतलें ‘प्यादें’. आपला ‘पाईक’ही मूळचा पायदळांतलाच; पण तुकोबांनीं त्यावर अभंग रचून त्याला थेट विठ्ठलाच्या दारीं नेऊन उभा केला.

आतां हा इंग्रजी शब्द धाराशिव जिल्ह्यांत लावून पाहावा. विजयादशमीचें सीमोल्लंघन झाल्यावर तुळजाभवानी आश्विन पौर्णिमेपर्यंत निद्रा घेते, आणि त्या पौर्णिमेसाठीं सोलापुराहून माणसांची रीघ लागते. अंतर सुमारें ४५ किलोमीटर. कित्येक अनवाणी, कित्येक रात्रभर चालणारे. त्यांच्यासाठीं हा रस्ता वाहनांना बंद ठेवतात. वाटेंत लोक त्यांना पाणी देतात, चहा देतात. त्यांना ‘पादचारी’ म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. ते आईकडे ‘चालत निघालेले’ असतात.

परंतु हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. मार्गशीर्षांत त्याच्या कडेनें डोक्यावर ओझें घेऊन एखादी म्हातारी चालली, तर ती मात्र ‘पादचारी’ होते, आणि मोटारवाला तिच्यावर भोंगा वाजवून ‘मधेंच कुठें?’ म्हणून ओरडतो. पाय तेच, अंतरही कदाचित् तेवढेंच. मधल्या काळांत काय बदललें, हें त्या म्हातारीला कोणी सांगत नाहीं.

यात्रेची बातमी इंग्रजींत देणाऱ्यास ‘पेडेस्ट्रियन’ शब्द अपुरा वाटतो, म्हणून तो ‘पिल्ग्रिम’ घालतो. त्याचेंही मूळ लॅटिनच, पण अर्थ परका, दूरच्या मुलखांतून आलेला असा. पायांचा त्यांत पत्ताच नाहीं.