'लोककलावंत' हा शिक्का कुणाचा?



२६ नोव्हेंबर २०१० ला विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावर कोसळले आणि गेले. १९४९ साली याच तारखेला बाबासाहेबांची घटना देशानं स्वीकारली. असं मरण मागूनही मिळत नाही. पण मेल्यावरही त्यांच्या नावामागचा शिक्का काही सुटला नाही : लोकशाहीर, लोककलावंत.

लोकशाहीर म्हणजे शिवी नव्हे. आम्हीही तो शब्द छाती फुगवून उच्चारतो. पण पांढरपेशा समीक्षक तो उच्चारतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. आम्ही गोदीतली माणसं. खोक्यावर शिक्का बघायचा आणि ठरवायचं, माल कुठल्या शेडात. आत काय आहे ते कोण उघडून बघतो? तसंच हे. शिवाजी मंदिरात उभा राहील तो 'नट'. पेटीवर बसून नाट्यपद म्हणेल तो 'गायक-नट'. आणि नायगावच्या चाळीतून, आंबेडकरी जलशातून आलेला माणूस? टाका लोककलेच्या शेडात!

'जांभूळ आख्यान' आठवा. ग्रंथातल्या महाभारतात कर्ण सूतपुत्र, म्हणून स्वयंवरात त्याला झिडकारलं. लोकांच्या आख्यानात मात्र द्रौपदीचं मन त्याच कर्णावर जातं. झाडावरून जांभूळ गळून पडतं. मनातलं खरं बोलली तरच ते पुन्हा देठाला लागणार. पाच नवऱ्यांसमोर तिला सहाव्याचं नाव घ्यावं लागतं. उमपदादा हे सगळं गाऊन, नाचून, आवाज आणि चाल बदलून उभं करायचे. बाईची लाज तेच, तिची वासना तेच, कृष्णाचा खोडसाळपणाही तेच. वर ताल सांभाळायचा, कोरस सांभाळायचा. याला अभिनय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आणि जातीनं नाकारलेल्या पुरुषाची ओढ भर सभेत कबूल करायला लावणारं हे आख्यान निव्वळ करमणूक आहे काय?

२००८ च्या 'टिंग्या'त हा माणूस पडद्यावरही दिसला. गळा, पाऊल, चेहरा, तिन्ही एकाच अंगात. तरी नटांची यादी करताना ह्यांची लेखणी अडते.

ही चाल जुनी आहे. आमच्या परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईचं गाव. नामदेवाच्या घरची दासी. तिचे अभंग घेतले, तिला संत केलं, जातं मात्र तिच्याच हातात राहू दिलं. गाणं हवं, गाणारीची जागा बदलायला नको.

आता जरा आपल्याकडं बघू. नुसतं बामणी समीक्षेला झोडून भागणार नाही. चौदा एप्रिलला आपण काय करतो? भिंतीएवढा डीजे आणतो. त्याला हजारो रुपये मोजतो. आणि गायन पार्टीवाल्याला रात्रभर गायला लावून पहाटे शे-दोनशे हातावर टेकवतो. त्याला आपण तरी कलावंत समजतो काय?

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद झाला, धरपकड झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, न्यायालयीन कोठडीत मेला. ही गोष्ट डीजे सांगणार नाही. डीजेला तोंड नसतं. ती सांगायला आख्यान लागतं. एक गळा, एक ढोलकी, चार कोरसवाले, आणि सोमनाथची आई, पोलीस, न्यायाधीश असं सगळं एका अंगात उभं करणारा नट लागतो. तसा नट कसा घडतो, हे उमपदादांनी दाखवून ठेवलंय.

तेव्हा पोरांनो, येत्या जयंतीला डीजेचे पैसे वाचवा. आपल्या तालुक्यातला गाणारा शोधा. त्याला आख्यान बांधायला सांगा, तालमीला जागा द्या, महिनाभराचा खर्च उचला. बिदागी देऊ नका, ठरवून मानधन द्या. आणि पावतीवर त्याच्या नावापुढं स्वच्छ अक्षरात लिहा : नट आणि संगीतकार.