पोरगा म्हणजे पेन्शन नव्हे

धाराशिव जिल्ह्यात साठी ओलांडलेल्या एखाद्या दुकानदाराला विचारा, "चाचा, म्हातारपणासाठी काय ठेवलंय?" बहुतेकदा उत्तर येईल, "दोन पोरं आहेत ना." आपल्या पिढीला या उत्तराचं हसू येतं, कधी रागही येतो, कारण त्या दोन पोरांपैकी एक आपणच असतो. पण हे उत्तर बेफिकिरीचं नाही. ती एक व्यवस्था होती आणि बरीच वर्षं ती चालली.

बागवानाची फळांची गाडी, तांबोळ्याचं पानाचं दुकान, पिंजाऱ्याचं पिंजण, कलईवाल्याचा भाता. बाप थकला की धंदा मुलाच्या हातात जायचा आणि बापाच्या ताटातली भाकरी चालू राहायची. कागदावर काही नसायचं. मोहल्ल्याची नजर हीच हमी.

कागदावर भरवसा ठेवावा असं या लोकांनी पाहिलंही नव्हतं. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेची सर्वाधिक झळ ज्या चार जिल्ह्यांना बसली, त्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचं नाव नोंदवलं. कित्येक घरांचा कर्ता माणूस गेला, कित्येकांची मालमत्ता गेली. निजामाचा हाली सिक्का, ज्याचे सात रुपये म्हणजे भारतीय सहा, पुढच्या दशकात चलनातूनच गेला. नंतरच्या काळात ढोकीचा तेरणा साखर कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिला आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची थकबाकी वादाचा विषय झाली. अशा जिल्ह्यात माणूस सोन्यावर, जमिनीच्या तुकड्यावर आणि मुलावर विसंबला तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?

शिवाय पेन्शन हा शब्द आपल्या बहुतेक घरांत आलाच नाही. सरकारी नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने किती कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं. ज्या घरांत तो शब्द आला, तिथेही पिढ्यांची फाळणी झाली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या शिक्षकाला जुनी पेन्शन, त्यानंतर लागलेल्याला अंशदानाची योजना. एकाच शाळेत, एकाच खडूने शिकवणारे दोघं, पण म्हातारपणं वेगळी. मार्च २०२३ चा संप त्यावरूनच झाला. एसटीतून निवृत्त झालेला चालक ईपीएस-९५ मध्ये येतो. तिथली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे.

आता मुलावर विसंबण्याची व्यवस्थाही मोडली आहे. कारखान्यातल्या गाद्यांनी पिंजण संपवलं, स्टीलने कलई संपवली. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कुरेशी घरांचा पिढीजात धंदा आक्रसला. मुलगा पुण्यात डिलिव्हरी करतो किंवा माझ्यासारखा संगणकासमोर बसतो. त्याच्या पगारातून पुण्याचं भाडं, मुलांची फी, गावाकडचं औषधपाणी आणि बहिणीचं लग्न भागतं. त्याचं स्वतःचं म्हातारपण या यादीत नसतं. म्हणजे तोही नकळत आपल्या मुलाच्या नावावर हुंडी लिहीत असतो.

हिशेब करून पाहा. आज महिना २०,००० रुपयांत चालणाऱ्या घराला, दरसाल ६ टक्के महागाई धरली तर ३० वर्षांनी सुमारे १,१५,००० रुपये लागतील. दुसरीकडे, महिना २००० रुपये बाजूला टाकले आणि ते वर्षाला ८ टक्क्यांनी वाढले असं धरलं, तर ३० वर्षांत जवळपास ३० लाख होतात. हेच दहा वर्षं उशिरा सुरू केलं तर हातात १२ लाखांच्या आतच येतात.

आपल्या पिढीचं चुकतं ते इथे. नोकरी बदलली की पीएफ काढून मोटारसायकल घ्यायची, ही आपली रीत. ईपीएसमध्ये दहा वर्षांची सेवा भरली तरच पेन्शनचा हक्क मिळतो. पैसे काढले की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. यूएएन एकच ठेवा आणि खातं नव्या नोकरीत वळवून घ्या.

आणि व्याजाचं काय? हा प्रश्न खरा आहे, त्याची थट्टा नको. इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी बचत प्रमाणपत्रांना मान्यता दिली, अनेक उलेमांनी ती नाकारली. हा मतभेद आजही मिटलेला नाही. मात्र व्याज टाळणं म्हणजे बचत टाळणं नव्हे. शरियाचे निकष पाळणारा टाटा एथिकल फंड १९९६ पासून आहे, निफ्टी ५० शरिया निर्देशांकही आहे. शेअर बाजारात चढउतार असतो, म्हणून तिथे लांबच्या मुदतीचेच पैसे ठेवावेत. उलट 'हलाल नफ्या'च्या नावाने दरमहा ठरलेली रक्कम देऊ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. हैदराबादचा हिरा ग्रुप आणि बंगळुरूची आयएमए २०१८-१९ मध्ये कोसळल्या, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. दाढी पाहून नव्हे, सेबीची नोंदणी पाहून पैसे द्या.

उद्याची सोय करणं म्हणजे तवक्कुल कमी पडणं, असंही कुणी म्हणतं. हजरत यूसुफ यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवायला लावलं होतं, हे त्यांनी आठवावं.

सगळ्यात मोठी उणीव मात्र आपल्या अम्मींच्या बाबतीत आहे. आयुष्यभर शिवणकाम, पापड, घरकाम करूनही त्यांच्या नावावर काही नसतं. मेहर ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता. ती नावापुरती बांधली जाते आणि पुढे 'माफ' करून घेतली जाते. वारशातला हिस्सा भावांसाठी सोडला जातो. मजहबने दिलेले हे दोन्ही आधार आपणच काढून घेतो. तुमच्या निकाहात मेहर अशी बांधा की ती तिच्या खात्यात जमा होईल आणि पुढे तिच्या उपयोगी पडेल.

घरच्यांसाठीही काही करता येतं. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आणि वय ६५ पूर्ण असेल, तर श्रावणबाळ योजनेत महिना १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. आयकर न भरणाऱ्या १८ ते ४० वयाच्या भावंडांसाठी अटल पेन्शन योजना आहे. त्यात अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरायला लागलं तर साठीनंतर ५००० रुपयांची हमी आहे, चाळिशीत सुरू केलं तर त्याच पेन्शनला १४५४ रुपये लागतात. अर्थात, ६ टक्के महागाई धरली तर अठरा वर्षांच्या मुलाला मिळणारे ते ५००० आजच्या साडेचारशेहूनही कमी भरतात. तेवढ्यावर घर चालणार नाही, म्हणून जोडीला स्वतःची बचत हवीच.

आईवडिलांना सांभाळणं आपलं कर्तव्य आहे, ते आनंदाने करू. मुलांनीही आपल्याला सांभाळावं, पण ओढीने, नाइलाजाने नव्हे. त्यासाठी पुढचा पगार झाला की दोन कामं करा. स्वतःच्या नावावर थोडी रक्कम वेगळी टाका आणि अम्मीला विचारा, तिच्या एकटीच्या नावावर काय आहे.