उभे राहणे आणि एकत्र असणे
(तृतीय वर्ष कला)

अकरा माणसांनी एकाच रंगाचे सदरे अंगात घातले की त्यांचा संघ होतो काय? आणि हजारो प्रेक्षक एकाच क्षणी उठून उभे राहिले की त्यांचे राष्ट्र होते काय? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतील. परंतु अमेरिकेतल्या फुटबॉलशौकिनांनी २०१६ सालापासून कितीतरी वर्षे याच दोन प्रश्नांवर एकमेकांची डोकी खाल्ली, मैत्र्या मोडल्या, आवडत्या खेळाडूंचे सदरे जाळले. राज्यशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांचा विषय निघाला तेव्हा आमच्या वर्गातही या वादाचे पडसाद उमटले आणि बघता बघता वर्गाचे दोन तट पडले. त्या दिवशी घंटा झाली आणि मला जे म्हणायचे होते ते राहून गेले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हकीकत सांगतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात धरून, फेकून, प्रतिस्पर्ध्यांना धडका देत पुढे न्यायचा असा तो रांगडा खेळ आहे. त्यात चढाईची सूत्रे ज्याच्या हाती असतात त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फोर्टीनाइनर्स’ संघाचा कॉलिन केपर्निक हा असाच एक क्वार्टरबॅक. २६ ऑगस्ट २०१६ रोजी ग्रीन बे संघाविरुद्धच्या सराव सामन्यापूर्वी राष्ट्रगीत सुरू झाले, सारे उभे राहिले आणि हा बाकावर बसून राहिला. ज्या देशात कृष्णवर्णीयांवर अन्याय होतो, पोलिसांच्या हातून त्यांचे बळी जातात, त्या देशाच्या निशाणाचा अभिमान मिरवायला मी उभा राहणार नाही, असे त्याने नंतर वार्ताहरांना स्पष्ट सांगितले. झाले! एका रात्रीत तो कोणाचा वीर झाला आणि कोणाचा देशद्रोही.

पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. नेट बॉयर नावाच्या एका माजी सैनिकाला केपर्निकचे बसून राहणे खटकले. हा बॉयर अमेरिकन लष्कराच्या विशेष दलात होता आणि पुढे काही काळ फुटबॉलही खेळला. त्याने केपर्निकला जाहीर पत्र लिहिले. त्यात शिवीगाळ नव्हती. दोघे भेटले, बोलले. बसून राहण्यापेक्षा सहकाऱ्यांच्या शेजारी एक गुडघा टेकावा, सैनिकही पडलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे असाच गुडघा टेकतो, अशी सूचना त्या सैनिकाची! १ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन डिएगो येथे केपर्निकने गुडघा टेकला, तेव्हा त्याच्या शेजारी त्याचा सहकारी एरिक रीड यानेही टेकला आणि बॉयर बाजूला उभा राहिला. तो उभा, हे दोघे गुडघ्यावर, आणि तिघे एका ओळीत. एकजूट म्हणजे काय याचे याहून चांगले चित्र मला तरी माहीत नाही.

चाहत्यांचे आक्षेप मात्र थांबले नाहीत. त्यांत तीन मुख्य आहेत. खेळात राजकारण आणू नये, हा पहिला. सैनिकांचा अपमान होतो, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे संघात फूट पडते. आमच्या वर्गातही नेमके हेच तीन निघाले. माणसे सगळीकडे सारखीच!

पहिला आक्षेप पाहू. खेळात राजकारण आणू नये, हे तत्त्व म्हणून कोणालाही पटेल. पण सामन्यापूर्वी राष्ट्रगीत म्हणणे, मैदानभर पसरेल असा ध्वज उलगडणे, डोक्यावरून लष्करी विमाने नेणे, हे सारे खेळाच्या नियमांत कोठे आहे? २०१५ साली जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन सिनेटरांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. खेळाच्या मैदानांवरील देशभक्तीच्या काही सोहळ्यांसाठी संरक्षण खात्याने संघांना पैसे मोजले होते आणि तो आकडा सुमारे ६८ लाख डॉलर्सचा होता, असे त्यात उघड झाले. हे मॅकेन स्वतः व्हिएतनामच्या युद्धात वर्षानुवर्षे युद्धकैदी होते. त्यांच्या देशभक्तीबद्दल कोणी शंका घेणार नाही. म्हणजे मैदानावर राजकारण आधीच येऊन बसले होते. ते आपल्या सवयीचे होते म्हणून दिसत नव्हते, इतकेच. केपर्निकने आणले ते बिनसवयीचे.

दुसरा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या घरचा मुलगा ध्वजात गुंडाळलेल्या पेटीतून परत आला, त्या घरच्या आईला राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकलेला खेळाडू पाहून काय वाटत असेल? तिला दुःख होत असेल तर ते खरे आहे, आणि त्या दुःखाला अडाणीपणा म्हणणारे माझे मित्र मला पसंत नाहीत. पण म्हणूनच बॉयरची गोष्ट महत्त्वाची. तोही सैनिक, त्यालाही वाईट वाटले. परंतु वाईट वाटल्यावर त्याने समोरच्याला मैदानाबाहेर काढा असे म्हटले नाही, ‘बस, बोलू’ असे म्हटले.

आता तिसरा आक्षेप, एकजुटीचा. येथे मी जरा थांबणार आहे. कारण ‘संघासाठी गप्प बस’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे.

२०१६ चा मोसम संपला तेव्हा फोर्टीनाइनर्सच्या खेळाडूंनी दरवर्षीप्रमाणे मतदान करून लेन एशमाँट पुरस्काराचा मानकरी निवडला. धैर्य आणि स्फूर्ती यांसाठी दिला जाणारा हा त्या संघाचा मानाचा पुरस्कार. सहकाऱ्यांनी तो केपर्निकला दिला. त्यांपैकी बहुतेक जण मोसमभर राष्ट्रगीताला उभे राहिले होते! ज्या संघात याच्यामुळे फूट पडली असे बाहेरचे ओरडून सांगत होते, त्या संघातल्या माणसांना ती दिसली नव्हती. अर्थात तो संघ त्या मोसमात सोळांपैकी दोनच सामने जिंकला, हेही सांगितले पाहिजे. पण आदल्या वर्षी, कोणीही गुडघा टेकला नव्हता तेव्हाही, तो पाचच जिंकला होता. एकजुटीने सामने जिंकता येतातच असे नाही, आणि हरलेला प्रत्येक संघ फुटलेला असतो असेही नाही.

उलट उदाहरण पिट्सबर्गच्या ‘स्टीलर्स’चे. २२ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अलाबामातील सभेत, गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंना मालकांनी काढून टाकावे असे अत्यंत असभ्य शब्दांत सांगितले. दोन दिवसांनी देशभरच्या मैदानांवर दोनशेहून अधिक खेळाडू गुडघ्यावर बसले किंवा बाकावर बसून राहिले. स्टीलर्सच्या खेळाडूंचे आपसात एकमत होईना. तेव्हा प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी सांगितले की, जे करायचे ते सगळ्यांनी मिळून एकच करायचे. ठरले असे की, राष्ट्रगीत संपेपर्यंत कोणीच मैदानावर यायचे नाही. हेतू चांगला होता. पण झाले काय? अलेहांद्रो व्हिलानुएव्हा हा त्यांचा खेळाडू अफगाणिस्तानात लढून आलेला सैनिक. ध्वज दिसावा म्हणून तो बोगद्याच्या तोंडाशी आला, तेवढ्यात गीत सुरू झाले आणि छातीवर हात ठेवून तो एकटाच उभा असलेला साऱ्या देशाने पाहिला. चाहत्यांनी त्याचा सदरा दुकानांतून धडाधड विकत घेतला, आणि त्याच्या सहकाऱ्यांना शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी व्हिलानुएव्हाने जाहीरपणे सांगितले की, सहकाऱ्यांना आपण अडचणीत आणले याची आपल्याला लाज वाटते. पाहा, ज्याला लोकांनी वीर ठरवले तो स्वतः मात्र आपल्या साथीदारांजवळ जाऊन बसला. सगळ्यांना एकाच साच्यात बसवण्याच्या हट्टाने ती एकजूट एका सकाळीत उसवली. ‘ज्याला उभे राहायचे त्याने उभे राहावे, ज्याला टेकायचे त्याने टेकावे, खांद्याला खांदा मात्र सोडू नये,’ असे म्हटले असते तर हे झाले नसते, असे मला वाटते.

आणि चाहत्यांचे काय? त्याच्याच दुसऱ्या दिवशी डॅलसच्या ‘काउबॉइज’ संघाने आणि त्याच्या मालकाने हातात हात गुंफून राष्ट्रगीताच्या आधी गुडघे टेकले, आणि गीत सुरू होण्यापूर्वी सारे उठून उभे राहिले. तरीही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली! आक्षेप राष्ट्रगीताच्या अवमानाला असेल, तर गीत सुरूच झाले नव्हते तेव्हा ही आरडाओरड कशासाठी? काहींना गुडघ्याची चीड नव्हतीच. जो प्रश्न गुडघा विचारत होता, त्याची होती.

एकजुटीच्या नावाने होणारी मागणी नेहमी ‘उभे राहा, गा’ अशीच असते असेही नाही. २०२२ च्या विश्वचषकात, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये, इराणचा संघ कतारला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली होती आणि सारा देश पेटला होता. चाहते म्हणत होते, राष्ट्रगीत गाऊ नका! २१ नोव्हेंबरला इंग्लंडविरुद्ध खेळाडू ओठ मिटून उभे राहिले. चार दिवसांनी वेल्सविरुद्ध त्यांनी पुटपुटत गीत म्हटले, आणि प्रेक्षकांतल्या अनेक इराणी लोकांनी आपल्याच राष्ट्रगीताची हुर्यो केली; काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तो सामना संघाने २-० असा जिंकला. त्या मुटके गिळून उभ्या राहिलेल्या तरुणांना सरकारचे भय एका बाजूला आणि आपल्या माणसांचा रोष दुसऱ्या बाजूला. त्यांचे गाणे एकजुटीचे होते की मौन? ज्या गाण्यामागे धाक उभा आहे, त्यावरून गाणाऱ्याच्या मनातले काहीच कळत नाही, एवढेच मी म्हणेन.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांना १९८५ साली राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले. गीत चालू असताना ती आदराने उभी राहत. धर्मश्रद्धेमुळे गात मात्र नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान आणि आपली राज्यघटना सहिष्णुता शिकवतात, असे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यात आवर्जून नमूद केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९४३ साली, ऐन महायुद्धात, शाळेतील मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असे सांगितले होते. (हा नियम सरकारला बांधतो, खाजगी संघांच्या मालकांना नाही, ही गोष्ट केपर्निकच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा विसरतात.) आपल्या महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजू लागले. २०१६ च्या नोव्हेंबरात ते देशभर सक्तीचे झाले, आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती मागे घेतली. देशभरची सक्ती येण्यापूर्वीच पणजीच्या एका चित्रपटगृहात, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका लेखकाला, राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून मागून फटका बसला होता. मारणाऱ्याने खुर्ची पाहिली नाही. जो उभा नाही तो आपला नाही, एवढेच त्याला दिसले.

वर्गात माझा एक मित्र म्हणाला, ‘तू स्वतः उभा राहशील की नाही, ते सांग.’ उत्तर साधे आहे. मी उभा राहतो आणि राहीन. ते सूर कानी पडले की मला उभे राहावेसे वाटते. पण माझ्या उभे राहण्याला जी काही किंमत आहे ती मी न उठण्याची मोकळीक असताना उठतो म्हणून आहे. माझ्या शेजाऱ्याला भीतीने उठवले, तर त्याच्याबरोबर माझेही उठणे स्वस्त होते.

केपर्निकचा २०१६ चा मोसम अखेरचा ठरला. त्यानंतर कोणत्याही संघाने त्याला खेळायला घेतले नाही. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड याचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा कोठे त्या लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी, आम्ही खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही आमची चूक झाली, असे जाहीर केले. चार वर्षे लागली. एक गुडघा शांतपणे प्रश्न विचारीत होता तेव्हा ऐकले असते तर?

मित्रहो, आपल्या वर्गात, वसतिगृहात, स्नेहसंमेलनाच्या समितीतसुद्धा ‘एकजूट राखा’ असे सांगितले जाते, तेव्हा एवढेच तपासून पाहा : आपल्याला एकत्र राहायला सांगत आहेत, की एकसारखे दिसायला? पहिले सांगणारा माणूस वेगळ्या मताच्या सोबत्यासाठी शेजारी जागा राखून ठेवतो. नेट बॉयरने तेच केले होते. स्वतः उभा राहून.