मासळीतला पारा
गर्भवतीने मासळी खावी का, असे मला नेहमी विचारतात. जरूर खावी, फक्त मुशीसारखे शिकारी मासे टाळावेत. त्यांच्या अंगात पारा साठतो आणि तो पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये या विषबाधेची नोंद झाली. मांजरे त्याआधीच झिंगून मरत होती! कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा हेच कारण, हे सरकारने मान्य केले १९६८ मध्ये.

आता सोन्याचे नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे लाखाव्या भागाएवढे, पारा ओळखतात. त्यांचे तांबडे द्रावण पाऱ्यामुळे कण एकत्र आले की निळसर होते. अडचण अशी की, मासळी सहसा आधी आम्लात विरघळवावी लागते. संशोधकांनी सूक्ष्म मापाच्या चढाओढीपेक्षा ही पूर्वतयारी सोपी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मग बाजारातल्या ओट्यावर कोळणीलाही ही चाचणी करता येईल.