नागरिक कीं तक्रारदार?

अलीकडे ज्याला त्याला लोकसहभागाचा मोठा पुळका आला आहे. महानगरपालिकेच्या आयुक्तांपासून मोठमोठ्या कंपन्यांच्या संचालकांपर्यंत सर्वांच्या तोंडीं एकच भाषा : लोकांना विचारा, लोकांकडून माहिती घ्या, लोकांच्या हातांतील मोबाइलवरून शहर चालवा. या प्रकारास ‘क्राउडसोर्सिंग’ हें नांव जेफ हाउ यांनीं २००६ मध्यें अमेरिकेंतील ‘वायर्ड’ मासिकांत दिलें. ‘आउटसोर्सिंग’च्या धर्तीवर तो शब्द घडविलेला आहे, हें विसरतां कामा नये. बाहेरच्या माणसास द्यावयाचें काम गर्दीस द्यावयाचें, एवढाच त्याचा मूळ अर्थ. शब्दाच्या जन्मकाळीं त्यांत काम होतें, सत्ता नव्हती. आमच्याकडे मात्र त्यास ‘लोकसहभाग’ म्हणून लोकशाहीच्या पंक्तीस नेऊन बसविण्यांत आलें आहे. माझा आक्षेप या बढतीस आहे.

लोकांकडून काम करून घेणें मुळांतच वाईट, असें कोणीं समजूं नये. १८७९ मध्यें जेम्स मरे यांनीं इंग्रजी भाषेच्या कोशासाठीं वाचकांना आवाहन केलें. ठिकठिकाणच्या वाचकांनीं ग्रंथांतील उतारे चिठ्ठ्यांवर लिहून पाठविले, आणि त्या चिठ्ठ्यांवर उभा राहिलेला कोश १९२८ मध्यें पुरा झाला. आपण काय करीत आहोंत व कशासाठीं, हें त्या वाचकांस ठाऊक होतें. याच्या शेजारीं आपला अनुभव ठेवून पाहा. आपण यंत्र नसून माणूस आहोंत हें सिद्ध करण्यासाठीं संकेतस्थळें आपणांस वेडींवांकडीं अक्षरें वाचावयास लावीत असत. २००७ पासून ‘रीकॅप्चा’ या योजनेंत त्यांतील एक शब्द जुन्या छापील पानावरचा, यंत्रास न लागलेला असे. तो लावून देणारे असंख्य लोक नकळत जुनीं पुस्तकें व वृत्तपत्रें संगणकांत उतरवीत होते. २००९ मध्यें ही सारी व्यवस्था गूगलनें विकत घेतली. काम उत्तम झालें, करणाऱ्यास मात्र त्याचा पत्ता नव्हता! ॲमेझॉननें तर २००५ मध्यें काढलेल्या आपल्या तुकडेकामाच्या बाजारास ‘मेकॅनिकल टर्क’ असेंच नांव दिलें. अठराव्या शतकांत बुद्धिबळ खेळणारें जें यंत्र युरोपांत दाखवीत असत, त्याचें हें नांव. आणि त्या यंत्राच्या पोटांत एक माणूस दडून बसलेला असे. व्यापारांत इतका प्रांजळपणा क्वचित् आढळतो.

पण व्यापाराचें एक वेळ सोडून देऊं. गिऱ्हाइकास दुकान बदलतां येतें. नागरिकास शहर तितक्या सहज बदलतां येत नाहीं. शिवाय दुकानदार दहा गिऱ्हाइकांच्या दहा मागण्या वेगवेगळ्या पुरवूं शकतो. नगरपालिकेस एकाची मागणी पुरवितांना दुसऱ्याची मागें ठेवावी लागते. पाणी प्रथम कोणत्या वस्तीस, रस्त्याची कड फेरीवाल्यास कीं उभ्या मोटारीस, हा निवाडा म्हणजेच नगराचा कारभार. तक्रारींची बेरीज करून तो होत नाहीं.

बेरीज तरी खरी असते काय? २०१२ मध्यें बॉस्टन शहरानें ‘स्ट्रीट बम्प’ नांवाचें ॲप काढलें. मोटारींतील मोबाइलला धक्का बसला कीं खड्ड्याची नोंद आपोआप व्हावी, अशी ती युक्ति. कल्पना खरोखर सुंदर होती. परंतु ज्याच्याजवळ मोटार व मोबाइल दोन्ही, त्याचाच खड्डा नोंदला जाणार. गरिबांच्या व वृद्धांच्या वस्तींतील रस्ते कागदोपत्रीं गुळगुळीत ठरणार. बॉस्टनच्या अधिकाऱ्यांना हें वेळींच उमगलें, व सर्व वस्त्यांतून फिरणाऱ्या आपल्याच रस्ते-निरीक्षकांच्या हातीं त्यांनीं तें साधन दिलें. आमच्याकडे २०१६ मध्यें ‘स्वच्छता’ ॲप आलें, आणि आरंभींच्या ‘स्वच्छ सर्वेक्षणां’त तें किती लोकांनीं उतरवून घेतलें यासही गुण होते. कचरा उचलला जाण्याआधीं ॲप उतरवून घेण्याची धांदल!

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. मुंबई व पुणें येथील महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. निवडणुका झाल्या जानेवारी २०२६ मध्यें. मधल्या काळांत दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांकडे होता. तक्रार नोंदविण्याची सोय होती, नगरसेवक निवडण्याची नव्हती. आणि आमच्या सुशिक्षित वर्गास त्याची फारशी खंत वाटल्याचें दिसलें नाहीं. नगरसेवक भ्रष्ट, मग नसले तर बिघडलें कोठें, हा युक्तिवाद मीं अनेक दिवाणखान्यांत ऐकला आहे. त्यामागचें न उच्चारलेलें कारण असें कीं, नगरसेवकाच्या दारांत झोपडपट्टींतील बाईच्या मागें रांगेंत उभें राहावें लागतें, ॲपवर तें लागत नाहीं. त्या बाईचें म्हणणें कानांवर येत नाहीं, हीच आपणांस सोय वाटते.

१८८० मध्यें व्हाइसरॉय लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठीं नगरपालिकेनें पैसा खर्चावा असें ठरत असतां, सरकारनियुक्त सदस्य जोतीराव फुले यांनीं तोच पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा म्हणून एकट्यानें विरोध केला. ठराव अर्थातच त्यांच्याविरुद्ध गेला. परंतु सभा होती, म्हणून तो विरोध नांवानिशीं व कारणासह उभा राहिला आणि आज आपणांस ठाऊक आहे. मोबाइलवरील मतचांचणींत तें एक मत टक्केवारीच्या अपूर्णांकांत गडप झालें असतें. शिवाय प्रश्न ठरविणारा तेथें कोणी वेगळाच असतो. ‘रोषणाई कोणत्या रंगाची हवी?’ एवढेंच लोकांस विचारलें असतें. रोषणाई हवी कीं शाळा, हें कोणीं विचारलें असतें?

तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असें १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनेंच सांगितलें आहे. ॲपवर जमलेल्या तक्रारी, त्यांतील किती व कोणत्या वस्तींतून आल्या या तपशिलासह, दरमहा या समित्यांपुढें मांडाव्यात; कोणती तक्रार कोणत्या कारणानें बंद केली, हें अधिकाऱ्यानें तेथें सर्वांसमक्ष सांगावें; आणि जेथून एकही तक्रार आली नाहीं, त्या वस्तींत समितीनें स्वतः जाऊन पाहावें. याला नवें तंत्रज्ञान लागत नाहीं. एक खोली, कांहीं खुर्च्या आणि इतिवृत्ताची वही पुरे.