एका टक्क्याची शंभर वर्षं

इन्क्रिमेंटची पत्रं वाटून झाली आणि बोनस अकाऊंटला पडला, की ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन जमाती स्पष्ट दिसायला लागतात. पहिली जमात सगळा पैसा सॅलरी अकाऊंटमध्ये तसाच ठेवून निवांत असते. 'बघू रे, काय घाई आहे?' हे त्यांचं ब्रीदवाक्य. दुसरी जमात जेवता जेवता मोबाइलवर रेट शोधत असते. 'हे बघ, इथे आठ देतायत, तिथे नऊ!' शेअरवाल्यांची तिसरी जमातही आहे, पण त्यांना या आठवड्यापुरती सुट्टी. आज बोलायचंय ते अशा पैशाबद्दल, जो गेला तर आपलं खरंच अडेल. घराचं डिपॉझिट, आईचं ऑपरेशन, नोकरी गेली तर चार महिन्यांचं भाडं, असला पैसा.

पहिल्या जमातीचं काम सोपं आहे. २०२५ च्या जूनमध्ये स्टेट बँकेनं सेव्हिंग्जचा दर अडीच टक्क्यांवर आणला. म्हणजे तुमचे तीन लाख त्या दराने वर्षभर नुसते लोळत पडले, तर मिळणार साडेसात हजार. तेच साध्या एफडीत सहा टक्क्यांनी ठेवले असते, तर अठरा हजार. मधले साडेदहा हजार ही आळसाची फी. नेटबँकिंगमधून एफडी करायला पाच मिनिटं लागतात. त्यांनी ती काढावीत आणि पुढचं वाचावं.

मला काळजी आहे ती दुसऱ्या जमातीची.

मध्यंतरी आमच्या टीममधली एक मैत्रीण चहाला भेटली. तिचे बाबा नुकतेच साठीला रिटायर झालेत. हातात वीस लाख आले. गावातल्या पतपेढीचे संचालक घरी येऊन गेले आणि बँकेपेक्षा एक टक्का जास्त देतो म्हणाले. 'ओळखीचे आहेत रे, गणपतीला येतात आमच्याकडे. आणि वीस लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला वीस हजार! सोडायचे का?'

प्रश्न चुकीचा नाहीच. वीस हजार म्हणजे काही चिल्लर नव्हे. म्हणून मी तिला टिश्यू पेपरवर एक गणित करून दाखवलं. वर्षाला वीस हजार जास्त मिळतात, पण मुद्दल बुडालं तर जाणार वीस लाख. वीस लाखांना वीस हजाराने भागा. उत्तर शंभर. म्हणजे त्या जादा व्याजातून बुडालेलं मुद्दल भरून काढायला बाबांना शंभर वर्षं लागतील. चक्रवाढ धरा, बरीच वर्षं कमी करा, तरी बाबा साठ वर्षांचे आहेत. आणि गंमत म्हणजे रक्कम कितीही असली तरी उत्तर हेच येतं. तुमचे दोन लाख असोत की माझे पन्नास हजार, जादा एक टक्का म्हणजे शंभर वर्षं.

तेव्हा दराचा आकडा वाचण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. पैसे कोणाकडे आहेत? लागतील तेव्हा हातात येतील का? आणि शेवटी खिशात किती उरणार? याच क्रमाने.

पैसे कोणाकडे?

मुंबईकरांना २०१९ चा सप्टेंबर आठवत असेल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे आपली पीएमसी. भांडुपला मुख्य कार्यालय, १३७ शाखा, बाहेरून सगळं झकास. एका सकाळी खातेदारांच्या मोबाइलवर निरोप आला, की पुढचे सहा महिने खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! आतून कळलं ते असं, की बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर गटाला गेलं होतं, आणि ते लपवलं होतं. काढायची मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २०२२ च्या जानेवारीत बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला आले दहा वर्षांपर्यंत लांबणारे हप्ते.

त्या वेळी ठेवींवरचा विमा होता फक्त एक लाखाचा. १९९३ पासून तो तेवढाच होता. २०२० च्या फेब्रुवारीत तो पाच लाख झाला. हा विमा देते डीआयसीजीसी, म्हणजे रिझर्व्ह बँकेची उपकंपनी. त्याचे नियम पाठ करून ठेवा, इंटरव्ह्यूत नाही तरी आयुष्यात विचारतात. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. ही मर्यादा एका माणसाला, एका बँकेत. त्याच बँकेच्या दादर आणि ठाणे शाखेत वेगवेगळ्या पावत्या केल्या तरी बेरीज एकच. सरकारी, खासगी, सहकारी, स्मॉल फायनान्स अशा सगळ्या प्रकारच्या बँकांना हा विमा लागू असतो. बँक बदलली, की नवे पाच लाख. म्हणून एका बँकेत साडेचार लाखांच्या आसपास थांबायचं, वरची जागा व्याजाला.

आता मेख. पतपेढी ही बँक नाही. तिला हे विम्याचं छत्र नाही. अनेक पतपेढ्या नेकीने चालतात, त्यांच्या जिवावर गावोगाव दुकानं उभी राहिलीत, हे मान्य. पण काही बिनसलं तर तुमच्या मागे उभं राहणारं कोणी नाही. ओळखीचे संचालक गणपतीला मोदक खाऊ शकतात, विमा देऊ शकत नाहीत.

कंपनी एफडीचंही तेच. तिथे विम्याऐवजी मानांकन दाखवतात. 'ट्रिपल ए आहे सर!' डीएचएफएल या घरकर्ज कंपनीकडे २०१९ च्या जानेवारीत ट्रिपल ए होतं. जूनमध्ये तिने देणी चुकवली आणि मानांकन थेट 'डी'वर, म्हणजे डिफॉल्टवर आलं. पाच महिन्यांत पहिल्या बाकावरून नापास. मोठ्या रकमा ठेवलेल्यांच्या मुद्दलाला पुढे जबर कात्री लागली. मानांकन हे आजचं मत असतं, तुमची एफडी तीन वर्षांची असते.

हातात कधी?

सुरक्षित पैसा आणि हाताशी असलेला पैसा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमा आहे म्हणून पैसे बुडणार नाहीत हे ठीक, पण २०२१ च्या दुरुस्तीनंतरही बँकेवर निर्बंध आल्यावर विम्याचे पैसे मिळायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. हॉस्पिटलचा कॅशिअर ९० दिवस थांबत नाही.

आपल्या आज्या स्वयंपाकघरात पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायच्या. तोच फंडा वापरा.

पहिला डबा अडीनडीचा. तीन ते सहा महिन्यांचा खर्च, मोठ्या, भक्कम बँकेत. थोडे सेव्हिंग्जमध्ये, बाकी स्वीप एफडीत, म्हणजे एटीएममध्ये कार्ड घातलं की लागेल तेवढीच एफडी मोडते. जमल्यास दोन बँकांत वाटून ठेवा. एक बंद पडली तर दुसरीचं कार्ड खिशात हवं. या डब्यासाठी दर बघायचाच नाही. चार लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला दोन हजार, महिन्याला १६७ रुपये. कॉफी शॉपमधली एक कॉफी. तेवढ्यासाठी झोप विकू नका.

दुसरा डबा तारखेचा. पुढच्या मे महिन्यात लग्न, दोन वर्षांनी गाडी. इथे त्या त्या तारखेला संपणाऱ्या एफडी करा. तीन लाखांची एकच पावती करण्यापेक्षा एक, दोन आणि तीन वर्षांच्या तीन पावत्या केल्या, तर दरवर्षी एक सुटते. मधेच गरज पडली तर एकच मोडायची, दंडही तेवढ्यावरच. बहुतेक बँका मोडताना अर्धा ते एक टक्का कापतात. दर वर जाणार की खाली, याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही, हा आणखी एक फायदा. २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा सगळे पैसे एकाच महिन्यात मोकळे झालेल्यांचे चेहरे पडले होते. शिडी लावणाऱ्यांच्या दोन पावत्या जुन्याच दराने चालू होत्या. एक सूचना, टॅक्स वाचवणारी पाच वर्षांची एफडी या डब्यात चुकूनही टाकू नका, ती मधे मोडता येत नाही.

या डब्यासाठी सरकारचाही दरवाजा उघडा आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने रिटेल डायरेक्ट सुरू केलं. तिथे फुकट खातं उघडून आपण थेट केंद्र सरकारला उसने पैसे देऊ शकतो. ट्रेझरी बिल ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांचं असतं, सुरुवात दहा हजारांपासून. शंभराचं बिल शंभरापेक्षा कमीत मिळतं आणि मुदत संपली की शंभर हातात. मधला फरक हेच व्याज. लांब मुदतीचे सरकारी रोखेही तिथे मिळतात, पण ते मधेच विकायची वेळ आली आणि तोवर व्याजदर वाढलेले असले, तर भाव पडलेला असतो. सरकार बुडत नाही, पण भाव पडतो.

आणि डेट म्युच्युअल फंड? चांगली सोय आहे, पण 'एफडीसारखंच आहे' असं कोणी म्हटलं तर चहा संपवून उठा. २०२० च्या २३ एप्रिलला, ऐन लॉकडाऊनमध्ये, फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना बंद केल्या. सुमारे २५ हजार कोटी अडकले. पुढे गुंतवणूकदारांना पैसे मिळाले, पण हप्त्याहप्त्याने. ज्यांना त्या मे महिन्यात पगार नव्हता, त्यांनी काय करायचं होतं?

तिसरा डबा लांबचा. पीपीएफ पंधरा वर्षांचा, व्याज करमुक्त, मागे भारत सरकार. दर कमी होतो म्हणून कुरकुर करतो आपण, २०२० च्या एप्रिलमध्ये तो ७.९ वरून ७.१ झाला तेव्हा मीही केली होती. पण ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला करानंतर तेवढं हवं असेल, तर एफडीला दहा टक्क्यांच्या वर द्यावं लागेल.

उरणार किती?

एफडीचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं. सात टक्क्यांच्या एफडीवर ३० टक्के कर आणि सेस गेला, की उरतात ४.८ टक्के. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच चार टक्क्यांचं आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी खरी कमाई टक्काभरही नाही. २०२३ च्या एप्रिलनंतर घेतलेल्या डेट फंडांचा नफाही आता स्लॅबप्रमाणेच करात जातो, त्यामुळे तीही पळवाट बंद.

म्हणून या पैशाकडून श्रीमंतीची अपेक्षा ठेवायची नाही. तो वॉचमन आहे. वॉचमनने रात्री जागं राहावं, एवढंच त्याचं काम. श्रीमंत व्हायचं असेल तर जोखीम घेण्याचा पैसा वेगळा काढा, आणि तिथे उघड्या डोळ्यांनी घ्या.

मैत्रिणीच्या बाबांचं काय झालं, ते सांगतो. साठीवरच्यांसाठी सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम आहे. २०२३ च्या एप्रिलपासून तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली. व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात, आणि उघडताना असेल तोच दर पाच वर्षं. पंधरा लाख तिथे गेले. चार लाख दोन बँकांत एफडी, पन्नास हजार सेव्हिंग्जमध्ये. उरलेले पन्नास हजार बाबांनी हट्टाने पतपेढीत ठेवलेच. मी म्हटलं, ठेवू दे. पन्नास हजारांनी त्यांचं घर अडणार नाही, आणि गणपतीला पाहुणेही येत राहतील.

या वीकएंडला एक काम करा. सिनेमाचं तिकीट काढायच्या आधी एका कागदावर तुमचे आणि आईबाबांचे सगळे पैसे लिहा. प्रत्येक रकमेपुढे कोणाकडे, कधी मिळणार आणि नॉमिनी कोण, एवढंच. २०२५ च्या नोव्हेंबरपासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तेव्हा 'एकाला लावलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल' हे कारणही संपलं. घरोघरी या कागदावर एक तरी रिकामा रकाना सापडतो. सोमवारी लंच टाइममध्ये तो भरून टाका.