चाकावरच्या संसाराची टाकी

दिवाळी सरली की आमच्या भागातील रस्त्यांचे रूप पालटते. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊसतोडणी कामगारांच्या टायरगाड्या दिसू लागतात. गाडीत बांबू, ताडपत्री, पत्र्याची पेटी, भांड्यांचे गाठोडे आणि त्यातच कुठेतरी झोपी गेलेली पोरे. आष्टी, पाटोदा, पाथर्डी अशा तालुक्यांतून ही माणसे येतात. बीड जिल्ह्यातही एक शिरूर आहे. तिकडच्या शिरूरची माणसे इकडच्या शिरूर-दौंडात येऊन पाचटाच्या कोप्या बांधतात आणि पाच-सहा महिने त्यांतच राहतात.

पाश्चात्त्य देशांत हौशी लोक मोटारीमागे फिरते घर जोडून सुटीवर निघतात. त्याला ते कॅरॅव्हॅन म्हणतात. त्यात गॅसची कोणती टाकी न्यावी याचा ते बारकाईने विचार करतात. कडाक्याच्या थंडीत ब्यूटेनची वाफ होत नाही म्हणून प्रोपेन घ्यावा, गाडीला वजन झेपेल एवढीच टाकी घ्यावी, असे त्यांचे हिशेब असतात. आपल्याकडच्या टाकीत या दोन्ही वायूंचे मिश्रण असते आणि भीमाकाठची थंडी काही त्याला गोठवणारी नव्हे. पण चाकावरच्या संसाराला कोणती टाकी योग्य, हा प्रश्न इथेही आहे. तो आपण कधी विचारलाच नाही.

मीही विचारला नव्हता. गेल्या हंगामात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही भीमेच्या काठी कामगारांच्या एका तळावर गेलो होतो. ‘धूरमुक्त स्वयंपाक’ या विषयावर बोलायचे काम माझ्याकडे आले. मी धुराचे दुष्परिणाम सांगितले, १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेची माहिती दिली आणि मोठी टाकी किलोमागे स्वस्त पडते, तीच घ्या, असा सल्ला देऊन मोकळा झालो. भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या एका मावशींनी विचारले, “दादा, भरलेली टाकी किती जड आसती?”

“तीसेक किलो.”

“मग ती उतरवायची कुणी? आम्ही दोघंबी फडात. आन् संपली तर भरायची कुठं? कारड तर गावाकडचं. तुमचं घर हालत नाही, आमचं हालतं.”

चुलीत पाचट भडकले, धूर माझ्या डोळ्यांत गेला आणि उत्तर न देण्याला एक निमित्त मिळाले. पण परतताना मन खात राहिले. सल्ला देणाराच अडाणी होता. त्यानंतर चौकशी करून जे समजले, त्यावरून माझे मत बनले आहे, ते असे.

पहिली गोष्ट वजनाची. घरगुती मोठ्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचेच वजन पंधरा किलोंच्या आसपास भरते. पाच किलोची टाकी मात्र एकटी बाई उचलू शकते. ज्या घरात मोठी टाकी महिनाभर पुरते, तिथे लहान टाकी साधारण साडेदहा दिवस चालेल. म्हणजे ती वरचेवर भरावी लागणार. पण आठवडे बाजाराला जाताना सोबत नेता येईल.

दुसरी गोष्ट कागदाची. १० ऑगस्ट २०२१ रोजी उज्ज्वलाचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात स्थलांतरितांना पत्त्याबाबत स्वतःचे प्रतिज्ञापत्र देण्याची सोय झाली. मोठ्या टाकीऐवजी पाच किलोच्या दोन टाक्याही घेता येतात. परंतु एका घरास एकच जोडणी. ज्यांची मोठी टाकी गावाकडच्या कुलूपबंद घरात पडून आहे, त्यांचे काय? त्यांच्यासाठी बाजारभावाने मिळणारी पाच किलोची टाकी आहे. तिला केवळ ओळखपत्र लागते, पत्ता लागत नाही. मात्र तिचा गॅस किलोमागे महाग पडतो. जो अधिक गरीब आणि अधिक फिरता, त्यालाच महाग गॅस, हा न्याय मला पटत नाही.

तिसरी गोष्ट जिवाची. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळाला तर जमिनीलगत साचतो, आणि कोपीत माणसे जमिनीवरच निजतात. म्हणून टाकी नेहमी उभी व मोकळ्या वाऱ्याला असावी आणि शेगडी विटांवर टाकीपेक्षा उंच ठेवावी. गाडीतून नेताना रेग्युलेटर काढून टोपण लावावे, टाकी आडवी टाकू नये. टाकीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष छापलेले असते, ती तिच्या पुढील तपासणीची मुदत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, याप्रमाणे डीपर्यंत. मुदत उलटलेली टाकी परत करावी. आणि मोठ्या टाकीतून चोरून भरून दिलेली बिनशिक्क्याची टाकी कितीही स्वस्त मिळाली, तरी पाचटाच्या कोपीत आणू नये.

तेव्हा टाकी पाच किलोचीच, हे माझे मत. पण पाचट फुकट असते, हे मावशींना माझ्याहून चांगले कळते. सगळा स्वयंपाक गॅसवर होणार नाही. पहाटे तीनला, काळोखात, दहिवराने ओले पाचट फुंकत बसण्याऐवजी चहा आणि पहिल्या भाकरी जरी गॅसवर झाल्या, तरी ते थोडे नव्हे.

त्यासाठी टाकी तळाजवळ भरून मिळाली पाहिजे. हंगामापुरते कारखान्याच्या आवारात लहान टाक्यांचे विक्रीकेंद्र उघडणे अशक्य आहे काय? उचल देताना या माणसांची नावे वहीत चोख लिहिलेली असतात. टाकी देतानाच त्यांचा पत्ता का सापडू नये?

मित्रहो, आपल्यालाही काम आहे. प्रतिज्ञापत्र भरून देणे, जवळची विक्रीकेंद्रे शोधून तळावर कळवणे, टाकीवरची मुदत वाचायला शिकवणे, एवढे तर आपण करू शकतो. पुढच्या हंगामात मी त्या तळावर पुन्हा जाणार आहे. या खेपेस भाषण तयार केलेले नाही. आधी मावशींचे प्रश्न ऐकणार आहे आणि मगच बोलणार आहे.